तेलुगू पेपरातल्या साड्या

अरे ऐका तर! जळकोटची शिवकन्या. तिचा नवरा रणधीर बोअर पाडायच्या गाडीवर कामाला म्हणून हैदराबादकडं गेला तो गेलाच. फोन बंद. गाडीमालक म्हणतो, कवाच काम सोडलं. सासरचे म्हणतात, आमाला तरी कुठं ठावं! लई वर्सं वाट बघून तिनं तुळजापूरच्या कोर्टात सोडचिठ्ठीचा दावा लावला. पण नोटीस द्यायची कुणाला? टपालानं धाडली, परत आली. घराच्या दाराला डकवली, शेळीनं खाल्ली. पेपरात छापली, तरी बाबा गप्पच.

मग वकील म्हणले, "शेजारचं एक माणूस आणा. नवरा आला न्हाय, काही धाडलं न्हाय, एवढं शपथेवर सांगायचं."

शेजारचं म्हणजे दगडाबाई, दाराला दार लागून. कोर्टाच्या व्हरांड्यात ही गर्दी! वकिलांनी समजावून सांगितलं, आन् दगडाबाई फटकन म्हणली, "धाडलं न्हाय कसं? दर दिवाळीच्या पाडव्याला साडी येती की त्याची! म्या हातानं चाचपून बघितलीय. भवानीच्या गावात खोटी शपथ घेऊ व्हय?"

वकिलांनी शिवकन्येकडं बघितलं. "बाई, साडी येते? मग बेपत्ता कसला तो? दावा बसला की इथंच."

शिवकन्येला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पाडव्याला गल्लीतल्या बाया नवऱ्याला ओवाळायच्या, ओवाळणीची साडी मिरवत हिच्या दारात यायच्या. "तुझी दाव की गं!" काय दावणार?

"काकू," ती इतकं बारीक बोलली की वकिलाला वाकावं लागलं, "त्या साड्या म्याच घेतल्या. उमरग्यातनं."

"चल! तेलुगू पेपरात गुंडाळलेल्या व्हत्या की!"

"पेपर हायवेच्या ढाब्यावरनं, हैदराबादच्या ट्रकवाल्यांकडनं मागून आणायची."

दगडाबाईनं कपाळाला हात लावला. "आगं सटवे! त्या साडीपायी म्या जावयाला किती टोचलं! म्हणलं, रणधीर परमुलखातनं धाडतोय, तुमाला लातुरातनं जमंना व्हय? भरल्या ताटावरनं उठला की गं माणूस! माझी लेक हर्षाली रडून रडून सुजली."

शेजारच्या बाकावरची माणसं चहा प्यायची थांबली. एक जण फिसकन हसला. शिवकन्या पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी. नवरा टाकून गेला हे कळलं तर एक वेळ चाललं असतं. पण आपलीच ओवाळणी आपणच घालून घेत होतो, हे चारचौघात?

तेवढ्यात शिपाई दारात येऊन खच्चून ओरडला, "रणधीर बलभीम सुरवसे, हाजिर हो!" एकदा, दोनदा, तीनदा. सगळा व्हरांडा फाटकाकडं बघाय लागला. आन् शिवकन्येनं, हाताला सवयच ती, नवऱ्याचं नाव कानावर पडताच डोक्यावर पदर घेतला.

कुणी आलं न्हाय.

दगडाबाईनं तिचा दंड धरला. "चल आत. साडी आली न्हाय म्हणून सांगते म्या. पण जावयाला फोन तू लावायचा, आन् समदं तूच सांगायचं."

मग दगडाबाईनंच तिच्या डोक्यावरचा पदर खाली ओढला. "आन् ह्यो कुणासाठी गं?"