दक्षिणेकडचा उजेड

"दिव्याची वात दक्षिणेकडे कधी करू नकोस, शरयू. मी गेले की मात्र कर, दहा दिवस. आणि ते तुझं विजेचं लुकलुकतं नको हं, खरी ज्योत हवी."

मागल्या वर्षी शरयू गावी गेली होती तेव्हा वाती वळता वळता आई हसत म्हणाली होती. शरयूनं "बरं" म्हटलं होतं.

आज पहाटे भावाचा फोन आला. आई गेली. "तू पोचेपर्यंत सगळं आटोपेल," तो म्हणाला. आणि इथे भाड्याच्या खोलीत ज्योत लावायची नाही, ही घरमालकिणीची पहिली अट. देवापुढेसुद्धा विजेचा दिवा. आज सुतक म्हणून तोही विझलेला.

दुपारी शरयू नेहमीसारखी डॅलसजवळच्या आपल्या कॉलेजात, कॉम्प्युटर लॅबमध्ये उभी होती. नकाशावरच्या उंचीच्या आकड्यांवर एका बाजूनं खोटा उजेड सोडून पडद्यावर डोंगर कसा उभा करायचा, हे ती मुलांना शिकवायची. फोनचं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कुणाला?

"मावशी, माझा डोंगर बघ ना!" विनीता ओरडली. वर्गातली एकुलती एक मराठी मुलगी, जन्म इथलाच. "डेटा सगळा करेक्ट आहे, तरी होल दिसतोय!"

"उजेड कुठून सोडलास?"

"साउथहून. टेक्ससमध्ये सूर्य तिकडेच असतो ना?"

"असतो गं. पण नकाशात दक्षिण खाली, आणि उजेड खालून आला की डोळा फसतो, उंचवटा खोल वाटतो. वर डावीकडून सोड."

"तिथे सूर्य कधीच नसतो! दॅट्स चीटिंग, मावशी!"

शरयूला हसू आलं. पडदा रेघेरेघेनं भरत गेला आणि खड्ड्यातून डोंगर वर आला.

"मावशी, तुझे डोळे रेड झालेत."

"स्क्रीनकडे बघून बघून होतं."

वर्ग सुटल्यावर शरयूनं स्वतःचा डोंगर उघडला. गावामागचा, पायथ्याशी आईचं घर. मुलांना नमुना म्हणून दरवर्षी दाखवायची. आज तिनं उजेड दक्षिणेला नेला. एकेक रेघ उतरत गेली, तसा डोंगर आत आत गेला. एकही आकडा बदलला नव्हता.

तिनं मशीन बंद केलं.

खोलीवर आल्यावर सकाळी वळलेली वात तुपात भिजवून तिनं पणतीत ठेवली. काडी ओढली नाही. इतक्या वर्षांत घरमालकिणीकडे तिनं कधी काही मागितलं नव्हतं. पणती तळहातावर घेऊन ती जिना चढली, आणि वर घरमालकिणीच्या दारावर हळूच टकटक केली.