किल्ली कोणाच्या घरी

“सुंदराबाई, किल्ली द्या. खताचे पोते ठेवाचे हायेत आत,” बालवाडीचं कुलूप हलवत सरपंच खुशालराव म्हणाले.

“माह्याजवळ कावून राहीन? किल्ली पाळीवालीच्या घरी असते.”

खुशालरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी याच दारात चड्डी ओली करून त्यांनी भोकाड पसरलं होतं. पण खुर्ची मिळाली की माणूस सोयीचं तेवढंच आठवतो.

भातकुलीजवळच्या या गावात पन्नासेक वर्षांपूर्वी सुंदराबाईंनी आयांना जमवून बालवाडी काढली. तोवर निंदणीला जाणाऱ्या बाया लेकरं शेताच्या धुऱ्यावर झोपवत. नियम एकच ठेवला: रोज एका घरानं पोरं सांभाळायला यायचं आणि संध्याकाळी किल्ली उद्याच्या घरी पोचवायची. ज्याच्या हाती किल्ली, त्याची पाळी. बौद्धपुऱ्यातली किल्ली पाटीलपुऱ्यात शिरेल कशी, म्हणून गाव हसलं. किल्ली शिरली. तिथं ती पहिल्यांदा घेतली खुशालरावांच्याच आईनं, सुभद्राबाईंनी, सासूच्या शिव्या खात.

आता कॉन्व्हेंटची गाडी दारोदार येते आणि बालवाडीत पोरं कमी. खोली गेली तर सगळंच गेलं. तरी सुंदराबाई म्हणाल्या, “चला, शोधू किल्ली.”

मैनाबाईची आज पाळी होती. ती पदराआड हसली. “मी त आत्ताच देऊन आली, भाऊ. तुमच्याच घरी!”

खुशालराव तरातरा घरी गेले. मागून अर्धी गल्ली निघाली. सून प्रणाली किल्ली घेऊन अंगणात आली.

“उद्या माही पाळी हाय, मामाजी.”

“तुही? आपली पोरगी त गाडीनं जाते नं?”

“जाताना रडे, येताना झोपे. सोमवारपासून बालवाडीतच धाडून राहिली मी. तुमी होते अकोल्याले.” तिनं किल्ली पुढं धरली. “पायजे त घ्या. पन मंग उद्या पोट्टे तुमी सांभाळसान.”

“घे नं, खुशाल!” ओसरीवरून म्हाताऱ्या सुभद्राबाई ओरडल्या. “मी घेतली होती. तुले काय भेव वाटते?”

सरपंचांचा हात आधीच पुढं झालेला. मागं घ्यावा तर गाव हसणार. त्यांनी किल्ली घेतली आणि बायांनी असा कल्ला केला की झाडावरची पाखरं उडाली.

सकाळी सुंदराबाई आल्या तेव्हा दार उघडं होतं. खताची पोती रातोरात सरपंचांच्या गोठ्यात गेली होती. नात खांद्यावर, दोन पोरं धोतराला लोंबकळलेली, आणि खुशालराव घामाघूम होऊन भसाड्या आवाजात गाणं म्हणत होते. दारात आणखी तीन बाप आपापली लेकरं घेऊन उभे होते. सरपंच बसतो तर आपण का नको? सुंदराबाई स्वतःशीच हसल्या. जिंकलो, बाप्पा!

“बसा, बाई,” खुशालराव म्हणाले.

इतकी वर्षं सतरंजी सुंदराबाईंनीच अंथरली होती. आज ती अंथरलेली होती, जराशी वाकडी. त्यांनी चपला काढल्या आणि सतरंजी सरळ न करता त्या पोरांमध्ये जाऊन बसल्या.