आत्याचं वजन आणि माझा आकडा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताचा नव्हे. छताचा पंखा जन्मभर जागच्या जागी फिरतो आणि त्याला कुठे जायचंही नसतं. मी बोटीचा पंखा, स्टीलचा, तीन पात्यांचा. बोटीच्या मागे इंजिन टांगलेलं असतं ना, त्याच्या खालच्या टोकाला पाण्यात राहून मी बोट पुढे ढकलतो. शिकलेली माणसं मला प्रोपेलर म्हणतात, पण पंखा म्हटलेलं मला चालतं.

माझा जन्म साच्यात झाला. ओतलं, थंड केलं, घासलं आणि इतकं चकचकीत केलं की कारखान्यातले कामगार माझ्यात बघून भांग पाडायचे. मग माझ्या अंगावर आकडा ठोकला: सव्वीस. म्हणजे मी एक फेरी फिरलो की बोट सव्वीस इंच पुढे जायला हवी. पाण्याने दगा दिला तर थोडी कमी. फळीवर माझ्या शेजारी वीस आणि बावीस आकड्याचे पंखे होते. मी त्यांच्याशी बोलत नसे.

मला पसंत केलं रॉकेटने. रॉकेट म्हणजे बोटीची मालकीण असलेल्या ताईचा धाकटा भाऊ. तो कुठेही सुसाट निघायचा आणि काहीतरी विसरलं म्हणून अर्ध्या वाटेवरून परत यायचा, म्हणून हे नाव. दुकानात त्याने सगळ्यात मोठा आकडा मागितला आणि मी छाती फुगवून त्याच्यासोबत गेलो.

ताईची बोट कॅटामरान होती. शेजारी शेजारी दोन निमुळती पोटं, मध्ये बोगदा. वेग घेतला की त्या बोगद्यात हवा भरते आणि बोट पाण्यावर उचलली जाते. मागे दोन इंजिनं, म्हणून पंखेही दोन: मी उजवीकडे फिरणारा आणि माझा जुळा भाऊ डावीकडे. पहिल्याच दिवशी रॉकेटने आमची अदलाबदल केली. ताईने गिअर पुढे टाकला आणि बोट मागे जाऊन धक्क्यावर आदळली. तिने रॉकेटकडे नुसतं बघितलं, तसा तो पान्हा घेऊन निमूट पाण्यात उतरला.

आता एवढी वेगवान बोट ताईला कशाला हवी होती, ते सांगतो. ताईचं घर बेटावर आणि इस्पितळ समोरच्या काठावर. तिच्या आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. फेरीबोट सकाळी सातला निघायची, दीड तास घ्यायची आणि परतायची थेट संध्याकाळी. चार तासांच्या उपचारापायी आईचा अख्खा दिवस इस्पितळाच्या बाकड्यावर जायचा. अशी तीन वर्षं झाली होती. शेवटी इस्पितळाने रुग्णांसाठी वेगवान बोट ठेवायचं मनावर घेतलं. अट अशी, की सहा माणसं आणि एक स्ट्रेचर घेऊन बोट वीस मिनिटांत पोचली पाहिजे. माणसं बोटवाल्याने आणायची. चाचणी एकदाच. अर्ज एकट्या ताईचा आला होता. ती नापास झाली की इस्पितळाचे साहेब ती फाईल बंद करून मोकळे होणार होते.

रॉकेटने एकट्याने, टाकीत जेमतेम पेट्रोल असताना, बोट पळवून बघितली. सोळा मिनिटं! त्याने धक्क्यावर नाच केला. मीही मनात नाचलो.

मग स्ट्रेचर चढलं आणि सहा माणसं बसली. आई, मामा, मामी, आत्या आणि शेजारचं जोडपं. बोटीने नाक वर केलं, शेपूट पाण्यात रुतवलं आणि ती म्हशीसारखी लोळत निघाली. इंजिन धापा टाकत होतं. पंचवीस मिनिटं लागली. एवढ्या मोठ्या आकड्याचा मी, आणि माझ्याने माणसं उचलेनात.

ताईने आम्हा दोघा भावांना काढून पंखेवाल्या काकांकडे नेलं. काकांचं दुकान म्हणजे एक लोखंडी ठोकळा, भिंतीभर हातोड्या आणि बसायला एक मोडकं स्टूल. त्यांनी माझ्या प्रत्येक पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकला.

"आकडा मोठा झालाय," ते म्हणाले.

"पण काका, मोठा आकडा म्हणजे जास्त वेग ना?" रॉकेटने विचारलं.

"एकटा पळतोस तेव्हा. पाठीवर पोतं दिलं तर लांब ढांगा टाकशील का बारीक पावलं?"

रॉकेटने पाठीवर पोतं असल्यासारखं वाकून दोन बारीक पावलं टाकून बघितली. काका म्हणाले, "माणसांची वजनं विचार. खरी हं."

रॉकेटने सगळ्यांना फोन केले आणि कागदावर यादी करून आणली. मामा पासष्ट, मामी पन्नास, आत्या साठ. शेजाऱ्यांनी तर दोघांचं मिळून सांगितलं. काकांनी यादीवर विश्वास ठेवला आणि आम्हा दोघा भावांना ठोकून सव्वीसवरून पंचवीसवर आणलं. पात्यांच्या मागच्या कडेला ताटाच्या काठासारखं बारीक वळण दिलं, म्हणजे बोगद्यातून येणाऱ्या फेसाळ पाण्यातही माझी पकड सुटू नये. मग पुन्हा सगळे बसले, या वेळी काकाही समोरच्या धक्क्यावर घड्याळ घेऊन उभे राहिले. बावीस मिनिटं. इंजिनाचे फेरे साडेपाच हजारांवर जायला हवे होते, काटा पाच हजारांशीच घुटमळत राहिला. चाचणीला तीन दिवस उरले होते.

काकांनी बोट पाण्यात किती बुडली आहे ते वाकून बघितलं. मग एकेका पाहुण्याकडे बघितलं.

"गोदामातला पोती तोलायचा काटा आणा," ते म्हणाले.

अचानक सगळ्यांना कामं आठवली. मामा म्हणाले, माझे बूटच फार जड आहेत. मामी म्हणाल्या, मी नुकतीच जेवले आहे. आत्या पदर खोचून उभी राहिली.

"माझं वजन माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही!"

"बाई, बोटीला माहीत आहे," काका म्हणाले.

आई धक्क्यावरच्या दगडावर टेकली होती, सुया टोचून टोचून फुगलेला हात मांडीवर ठेवून. दुसऱ्या दिवशी पुन्हा सातची फेरीबोट होती. आत्याने त्या हाताकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"वहिनी, तुझ्यासाठी म्हणून चढतेय हं. रॉकेट, तिकडे तोंड कर."

ब्याऐंशी.

कोणी हसलं नाही. मामी चपला काढून काट्यावर चढल्या. मग मामा, मग शेजारी. बेरीज झाली तेव्हा फोनवरच्या यादीपेक्षा एकशे सात किलो जास्त निघाले. म्हणजे बोटीत इतके दिवस एक सातवा माणूस फुकट हिंडत होता आणि तोही चांगला खात्यापित्या घरचा.

काकांनी मला पुन्हा ठोकळ्यावर घेतलं. जुना आकडा कानशीने घासून काढला आणि नवा ठोकला: चोवीस. मित्रांनो, खरं सांगतो, मला रडू आलं. आता वीस-बावीसवाल्यांसमोर कुठल्या तोंडाने जाऊ? पण आत्या भर धक्क्यावर काट्यावर चढली होती. मग मी कोण लागून गेलो?

चाचणीच्या दिवशी साहेबांनी समोरच्या काठावरून फोनवर ‘निघा’ म्हणत घड्याळ सुरू केलं. बोटीचं नाक क्षणभर वर गेलं आणि लगेच खाली आलं. बोगद्यात हवा भरली, बोट उचलली गेली. काटा पाच हजार सहाशेवर. माझ्या तिन्ही पात्यांना पाणी घट्ट लागत होतं. अठरा मिनिटं चाळीस सेकंद! मामांनी साहेबांनाच मिठी मारली.

त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी आई दीड वाजता घरी पोचली. दारात उभी राहून ती ताईवर करवादली, "आता एवढ्या दुपारचं मी करू काय?"

"झोप की," ताई म्हणाली.

"दिवसाढवळ्या?"

ती झोपली नाही. खुर्ची अंगणात ओढून संध्याकाळपर्यंत नुसती बसून राहिली. रॉकेटने दोनदा चहा नेऊन दिला, तो तिने दोन्ही वेळा गार केला.

मी नऊ वर्षं ती बोट ढकलली. मग एका ओंडक्याने माझं एक पातं वाकवलं आणि माझ्या जागी नवा पंखा आला. आता मी ताईच्या ऑफिसचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्याशी पडलेला असतो. येणारेजाणारे मला ठेचकाळतात आणि मलाच शिव्या देतात. त्याचंही मला फारसं वाईट वाटत नाही. पण नवा पंखा परवा मासेमारीचा दोरा गुंडाळून आला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, याचं वाटलं. म्हणून मित्रांनो, एवढं करा. निघण्याआधी एकदा वाकून पंखा बघा. दोरा अडकला असेल तर काढा, पातं दुमडलं असेल तर ठोकून घ्या, खारं पाणी धुऊन टाका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बोटीतल्या माणसाची दुपार त्यावर अवलंबून असते.