बटण नसलेला शर्ट

लोकांनी कपडा टाकून दिला की त्याची विल्हेवाट तो विकणाऱ्या कंपनीने लावायची, यावर तिन्ही देशांचं एकमत होतं. गाडं अडलं होतं ते टेबलावरच्या शर्टापाशी. त्याचं एक बटण तुटलं होतं. आमच्या नियमात तो कचरा, शेजाऱ्यांच्या नियमात जुना कपडा, आणि तिसऱ्यांच्या नियमात बटणाचा उल्लेखच नव्हता. सगळ्यांचा नियम एक करायचा म्हणून आम्ही सकाळपासून घसा कोरडा करत होतो.

मी आमच्या बाजूची वकील. डोकं तापलं की माझ्या हातांना काहीतरी काम लागतं, अगदी आत्यासारखं. तिच्याच सवयीने माझ्या पर्समध्ये सुई-दोरा असतो. शेजाऱ्यांचे साहेब तेच कलम पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले, तसा मी शर्ट पुढे ओढला. आतल्या बाजूला, शिलाईपाशी जादाचं बटण होतंच. ते उसवलं आणि ऐकता ऐकता जागेवर लावून टाकलं. दोरा दाताने तोडला, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते.

"मॅडम, हे काय केलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"बटण लावलं. मिटला ना प्रश्न?"

"अहो, नमुना बिघडवलात तुम्ही! आता चर्चा कशावर करायची?"

मला वाटलं, आता तरी कुणी हसेल. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. अध्यक्षांनी कात्री मागवली, बटण कापून अलगद बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "हं, कुठे होतो आपण?"