पाण्याला जाणारा कुत्रा

"एकदा झालं ते झालं," मुखिया बोनिसिले म्हणाला. "पण कोकरांचा हंगाम संपेपर्यंत हा कुत्रा पुन्हा मेंढरांमागे दिसला, तर मी स्वतः गोळी घालीन. मग कुणी रडत यायचं नाही."

गावच्या बैठकीत मागाबा बायकांच्या बाजूला गवतावर पाय पसरून बसली होती. तिने मान डोलावली. रडायची सवय तिला नव्हतीच. शिवाय मुखियाचं खोटं नव्हतं. तिच्या कुत्र्याने, थेथेने, चावा घेतला नव्हता, नुसतं पळवलं होतं; पण गाभण मेंढी पळवली की काय होतं, हे कुणी तिला सांगायची गरज नव्हती. मुखियाच्या दोन मेंढ्या गाभडल्या होत्या.

कुत्र्याचं पूर्ण नाव मबाथेथे, म्हणजे 'बोलू देत लोकांना'. शेजाऱ्यांशी वाजलं की आमच्याकडे कुत्र्याला असं नाव ठेवतात. दिवसातून दहादा मोठ्याने हाक मारायची सोय होते. नाव ठेवलं होतं तिच्या नवऱ्याने, थोझमिलेने. कुळाच्या नावाने सगळे त्याला भेले म्हणत, तीही. दर शनिवारी भेले चार गड्यांना घेऊन डोंगरापलीकडे शिकारीला जायचा आणि थेथे दिवसभर सशांमागे उधळायचा. उंच, लांब पायांचा, पोट पाठीला लागलेला कुत्रा. घरी आला की दोन दिवस मेल्यासारखा झोपायचा.

मग उन्हाळ्यात भेलेची उजवी बाजू गेली. सात महिने तो घराच्या भिंतीला टेकून बसला होता. बोलायचा कमी, हसायचा मुळीच नाही. कुत्रा तेवढा त्याच्या पायाशी येऊन बसला की डावा हात हलायचा आणि त्याच्या कानामागे जायचा. त्या हातासाठी मागाबा सगळ्या गावाशी भांडायला तयार होती. कुत्रा गेला तर भेले भिंतीपासून उठणार नाही, आणि एक दिवस तिथेच संपेल, अशी तिची खात्री होती.

पण शिकार बंद झालेल्या थेथेला एका जागी बसवणार कसं? दोरीने बांधलं तर त्याने दोरी कुरतडली. साखळीने बांधलं तर मान सोलून घेतली आणि रात्रंदिवस गळा काढला. फिरायला नेलं, तर एका सशापायी तिला तोंडघशी पाडून बाभळीच्या काट्यांतून फरफटवलं. कोपरं सोलवटून ती घरी आली तेव्हा शेजारीण नोम्बुलेलो कुंपणावर हात ठेवून उभीच होती.

"काय गं मागाबा, कोण कुणाला फिरवत होतं?"

"तू तुझ्या नवऱ्याला फिरव आधी," मागाबा म्हणाली. "बारा वर्षं झाली, दारूच्या दुकानापलीकडे काही गेला नाही तो."

त्या संध्याकाळी रिकामा डबा डोक्यावर घेऊन ती झऱ्यावर गेली. गावात नळ येऊन तीन वर्षं झाली होती, पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. भरलेला डबा घेऊन चढण चढताना तिचे गुडघे कुरकुरले, आणि तिच्या मनात आलं: इथे मी वीस लिटर वाहून मरतेय आणि तिकडे तो ताकद कुठे घालवू म्हणून रडतोय. ती वाटेतच थांबली. नंतर उरलेली चढण तिला जाणवलीसुद्धा नाही.

सकाळी तिने ओढ्याकाठचं एक बेचकं लाकूड तोडलं, त्यावर आडव्या फळ्या ठोकल्या. बैलांमागून घसटत नेतात त्या बिनचाकी स्लेईचं हे पिल्लू. आता हव्या होत्या चामड्याच्या वाद्या, आणि त्या टांगलेल्या होत्या गुरांच्या वाडग्यात, आतल्या खांबाला. नवऱ्याच्या वाडग्यात, त्याच्या पूर्वजांच्या जागी, सून पाय ठेवत नाही. छत्तीस वर्षांत मागाबाने ठेवला नव्हता.

"भेले, वाद्या काढून दे."

भेलेने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला चंद्र उतरवायला सांगितला.

"बघतोस काय? मी तिथे जाणार नाही. दुसऱ्या कुणाला बोलावणार नाही. कुत्रा तुझा, वाडगं तुझं."

तिने काठी त्याच्या डाव्या हातात दिली आणि पाठ फिरवून चूल पेटवायला बसली. एकदाही वळली नाही. मागे काठी टेकत होती, थांबत होती, पुन्हा टेकत होती. मक्याची उसळ अर्धी शिजली तेव्हा वाद्या तिच्या शेजारी धपकन पडल्या. भेले घामाने निथळत होता. तिने त्याला पाणी दिलं आणि कौतुकाचा एक शब्दही काढला नाही. काढला असता तर तिलाच रडू आलं असतं.

बैल जुंपायचे ठाऊक असलेल्या माणसांनी जे केलं असतं तेच दोघांनी केलं. वादी मानेला घातली. थेथेने एक झेप घेतली, घोगरा आवाज आला, डोळे बाहेर आले. मागाबाने झटकन सुरी घालून वादी कापली. गोळीआधी आपणच त्याला मारलं असतं!

गाढवगाडीवाला द्युबेले रस्त्याने चालला होता. तो हसून हसून गाडीवरून पडायच्या बेतात आला.

"अहो मागाबा, त्याला खांदा आहे का बैलासारखा? जू कुठे बसणार? माझी गाढवं बघा. पट्टा छातीवर, गळ्याच्या खाली. मान मोकळी!"

"हसून झालं असेल तर खाली उतर आणि बांधून दाखव."

द्युबेलेने उतरून बांधून दाखवलं. पट्ट्याखाली जुन्या कांबळ्याचा तुकडा घालायलाही त्यानेच सांगितलं.

पहिला आठवडा नुसती रिकामी स्लेई. मग पाच लिटर, मग दहा. ऊन चढायच्या आत जाऊन यायचं, कारण ओझं ओढताना कुत्र्याला गरमी सोसत नाही. उतारावर स्लेई त्याच्या टाचांवर आदळू नये म्हणून मागे दोर बांधून मागाबा तो धरून चालायची. घरी आलं की पंजे तपासायचे, काटे काढायचे, चरबी चोळायची. वीस लिटरपर्यंत पोचायला महिना लागला. आता थेथे दुपारभर भेलेच्या पायाशी पसरायचा. साखळी खुंटीला गंजत पडली. गावाची करमणूक मात्र चालू होती. "मागाबा, कोंबड्या कधी जुंपणार?" असं पोरीबाळी विचारायच्या. ती कुत्र्याला मोठ्याने त्याच्या पूर्ण नावाने हाक मारायची.

हंगाम संपायला चार दिवस होते. भरलेला डबा घेऊन दोघं चढणीच्या मध्यावर आले, तोच वरच्या वळणावरून मुखियाची मेंढरं वाटेवर उतरली. मागे मुखिया, खांद्यावर बंदूक. कोल्ह्यासाठी आणायचा तो. सगळ्यात पुढचं कोकरू दचकलं आणि पळालं.

पळालं ते पळालं. थेथेनेही उसळी मारली. डबा कलंडला, पाणी उसळलं, दोर मागाबाचे तळवे भाजत सरकला. वर बंदूक खांद्यावरून खाली आली.

मागाबाने विचार केला नाही. दोराचं टोक धरून ती दोन ढांगा पळाली आणि स्लेईवर बसली. आमच्याकडे बाईने अंगापिंडाने भरलेलं असावं असं म्हणतात. मागाबाने म्हणणाऱ्यांना कधी निराश केलं नव्हतं. थेथेने तिला चार पावलं ओढलं, पाचवं अर्धं ओढलं आणि थांबला. जीभ बाहेर काढून त्याने मागे वळून पाहिलं, की हे काय नवीन ओझं?

"बाजूला हो, मागाबा!" मुखिया ओरडला.

"नाही होत! मारायचं तर दोघांना मार, आणि काय केलंस ते माझ्या नवऱ्याला तूच जाऊन सांग!"

मग ती उठली. दोर मनगटाला गुंडाळला, कुत्र्याच्या छातीचा पट्टा मुठीत धरला आणि मेंढरांच्या कडेने वर निघाली. "चल. समोर बघ. समोर." थेथेचा कान मेंढरांकडे वळत होता, अंग कापत होतं, पण पाऊल वाटेवरच पडत होतं. शेवटच्या मेंढीपासून दोन हातांवरून दोघं गेली. मुखियासमोर आल्यावर ती थांबली.

"कुत्रा मेंढरांमागे गेला," मुखिया म्हणाला.

"जाणार होता. मला घेऊन जाणार होता. मी नाही गेले."

मुखियाने तिचे सोललेले तळवे पाहिले, कलंडलेला डबा पाहिला. मग बंदूक पुन्हा खांद्यावर टाकली.

"पाण्याला कधी येतेस रोज?"

"उजाडताना."

"मग मी मेंढरं ऊन पडल्यावर सोडतो," तो म्हणाला आणि न हसता खाली गेला.

घराच्या फाटकात भेले उभा होता. भिंतीपासून फाटकापर्यंत एकटा आला होता, काठीवर अंग टाकून. ओरडणं त्याला ऐकू गेलं असणार. तो वाटेकडे डोळे लावून होता. मग त्याला थेथे दिसला, आणि तो फाटकाच्या खांबाला टेकला.

"अर्धं पाणी सांडलं," मागाबा म्हणाली. तिचा आवाज आता कुठे फाटला. "परत जायला हवं. त्याला नाही जुंपत, दमलाय तो. डबा डोक्यावर घेते."

"मी... येतो," भेले म्हणाला.

झऱ्यापर्यंत तो पोचणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने पट्टा सोडला आणि एक वादी थेथेच्या गळ्यात सैल बांधून तिचं टोक काठीच्या मुठीला अडकवलं. याच कुत्र्याने तिला काट्यांतून फरफटवलं होतं, तरीही अडकवलं. भेलेने काठी पुढे टाकली, मग पाय. थेथे थांबला. पुन्हा काठी, पुन्हा पाय. वाटेवरच्या पहिल्या कोरफडीपर्यंत जायला त्यांना बराच वेळ लागला, आणि सबंध वाटेत वादी एकदाही ताणली गेली नाही.