खिडकी बुजवली आणि खापर आरशावर

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे आणि सध्या मला भयंकर राग आलेला आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, असा रिवाज आहे. तो आज माझ्याकडून पाळला जाणार नाही. ज्याला जन्मात कधी खोटं बोलता आलं नाही, त्यालाच भर दुकानात खोटारडा म्हटलं, तर त्याने गोड कुठून बोलावं?

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. भट्टी, पॉलिश, मग पाठीला चकाकता लेप आणि वर जाड लाकडाची चौकट. पहिली नोकरी कापडाच्या दुकानात होती. तिथे लोक माझ्यासमोर उभे राहून अंगाला कापड लावत आणि पोट आत ओढून घेत. मी पोटही दाखवायचो आणि ओढलेला श्वासही. ते दुकान बंद पडलं तेव्हा वहिनीने मला विकत घेतलं. गल्लीतले सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तिला केस कापण्याचं आणि रंगवण्याचं सलून काढायचं होतं. तिने मला मोठ्या खिडकीच्या बरोबर समोर टांगलं.

वहिनीच्या कामाची एक पद्धत होती. केसांना रंग लावला की धुण्याआधी ती एक बट पुसून घ्यायची, खुर्ची खिडकीकडे फिरवायची आणि ती बट उजेडात धरून बघायची. मग म्हणायची, "अजून थोडं थांबू." किंवा, "चला, धुऊया." तिने रंगवलेले केस बाहेर गेल्यावर कधी दगा देत नसत. लोक जाताना माझ्यात बघून म्हणत, "वहिनी, तुमचा आरसा मोठा गुणाचा हं!" खरं तर गुण खिडकीचा होता. पण कौतुक कुणाला नको असतं?

मग वहिनीचे धाकटे दीर सजावटीचं शिक्षण घेऊन आले. पहिलं काम हाताला लागेना, तेव्हा त्यांनी घरचंच दुकान धरलं.

"वहिनी, तू काही बघू नकोस. लोक नुसते येऊन बसायला मागतील, असं करून देतो!"

"भावोजी, नुसते बसायला नकोत. केस कापायला येऊ देत."

"तू ना, अगदी जुन्या वळणाची आहेस."

वहिनी हसली आणि तिने किल्ली त्यांच्या हातात दिली. दिराचं मन कसं मोडायचं! इथेच सगळं बिनसलं.

मी खोटं बोलत नाही, म्हणून सांगतो: दुकान देखणं झालं. भिंतींना साखरेच्या पाकासारखा मऊ रंग आला. दारात 'या, सुंदर व्हा!' अशी गुलाबी दिव्यांची अक्षरं लागली. एक सोफा आला, त्यात बसलं की गुडघे कानाला लागत. माझ्याभोवती पिवळ्याधमक दिव्यांची माळ लावली. आणि खिडकीवर? खिडकीवर फळी ठोकून तिच्यावर प्लॅस्टिकच्या पानांची हिरवीगार भिंत चढवली! बाहेर ऊन फुकट पडलं होतं आणि आत विकतची झाडं. मला तेव्हाच संताप आला होता, पण आरशाला विचारतो कोण?

आणि मग वाचनालयातली बाई आली. ती जुनी गिऱ्हाईक. मोठ्या आजारपणात तिचे सगळे केस गेले होते. आता ते बोटभर उगवले होते, पांढरेशुभ्र. ती सोफ्यात रुतून बसली, वहिनीने हात देऊन तिला उठवलं. तिने डोक्याचा रुमाल सोडून पर्समध्ये ठेवला.

"उद्या कामावर जायचंय. मला बघितलं की सगळे आधी डोक्याकडे बघतात आणि मग आवाज बारीक करून 'कशा आहात?' विचारतात. मला ते नकोय गं. माझे होते तसे तपकिरी कर. डॉक्टरांनी हो म्हटलंय."

"करते. उद्या कुणी वळून बघणार नाही," वहिनी म्हणाली.

तिने जीव ओतून काम केलं. सवयीने खुर्ची खिडकीकडे फिरवली, तर पुढे प्लॅस्टिकची पानं! ती स्वतःशीच हसली आणि खुर्ची परत माझ्याकडे वळवली. पिवळ्या दिव्यांत बट तांबूस दिसत होती. तांबूसपणा मारायला तिने राखी छटा मिसळली. आणखी थोडी मिसळली. धुतल्यावर दिव्यांखाली केस झकास तपकिरी दिसले. बाईचे डोळे भरून आले. माझ्यावर जो उजेड पडत होता, तोच मी दाखवत होतो. मी दुसरं काय करणार?

बाहेर तिची मुलगी न्यायला आली होती. उन्हात तिने आईकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, हे काय? केस हिरवट दिसतायत!"

बाईने पर्समधून रुमाल काढला आणि तिथे रस्त्यातच पुन्हा डोक्याला बांधला. वहिनी धावत बाहेर गेली, तशीच कपाळावर हात मारत आत आली.

भावोजी ताबडतोब म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? हा जुनाट आरसा काढ. पारा गेलाय त्याचा. खोटं दाखवतो."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "असेल."

असेल! मित्रांनो, इतकी वर्षं तिच्यासमोर उभा राहिलो आणि मला हा एक शब्द मिळाला. भावोजींचा राग येतोच, पण तिचा जास्त आला.

दोघांनी मला उतरवलं आणि गल्लीत भिंतीला टेकवून ठेवलं, भंगारवाल्यासाठी. तिथे माझ्यावर लख्ख ऊन पडलं. बाई तिथेच ओट्यावर बसली होती. वहिनी तिची समजूत घालायला वाकली, तिने हलकेच तो रुमाल वर केला, आणि माझ्यात वहिनीला ते हिरवट केस स्पष्ट दिसले. तिने मान वर करून आतल्या पिवळ्या दिव्यांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"भावोजी, बाहेर या!"

भावोजी आले, त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पण आत तर चांगले दिसत होते!"

"आत? आत मीसुद्धा विशीतली दिसते!" वहिनी कडाडली. दिरावर तिने आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला.

बाई मात्र शांतपणे म्हणाली, "खोली फार सुंदर केलीत हो तुम्ही. पण मी खोली बघायला आले नव्हते. मी मला बघायला आले होते."

भावोजींची मान खाली गेली. वहिनीने खुर्ची गल्लीत ओढून आणली. राखी छटा जास्त झाल्याने आलेला हिरवटपणा मारायला लालसर छटेचं हलकं पाणी करून ती एकेक बट उन्हात धरून सारखी करत बसली. येणारे-जाणारे थांबून बघत होते, बघोत. शेवटी बाई माझ्यात बराच वेळ बघत राहिली. मग मुलीला म्हणाली, "चल." रुमाल खुर्चीवरच राहिला.

"आरसा आत नेऊ?" भावोजींनी विचारलं.

"आधी खिडकी उघडा," वहिनी म्हणाली.

आता ते आत फळी उखडत आहेत आणि मी गल्लीतच टेकून उभा आहे. माझी माफी अजून कुणी मागितलेली नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की दुकानं सजवाल, शाळा सजवाल, दवाखाने सजवाल. जरूर सजवा. पण आत कोण येणार आहे आणि कशासाठी, हे आधी त्यालाच विचारा. आणि कधी काही वाईट दिसलं, तर जो ते दाखवतो त्याला भिंतीवरून उतरवू नका.