तागडीतला शिशाचा दगड

मी दगड बोलतोय. लगेच पायाखालच्या फत्तराकडे बघू नका, तो मी नव्हे. डहाणू-तलासरीत खणाल तिथं निघतो, तो काळा फत्तर. त्याचं वय साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे आमच्यात कालचं पोर. मी दीडशे कोटींच्या पुढचा. मी शिशाचा दगड. जाणकार मला गॅलेना म्हणतात, पण जाणकार इकडे फिरकतात कुठे!

माझा जन्म राजस्थानातल्या एका डोंगराच्या पोटात झाला. खडकाच्या भेगांतून कढत, खारट पाणी वर चढायचं. त्या पाण्यातलं शिसं आणि गंधक एकत्र आलं आणि मी घडलो, अगदी सावकाश. शेजारी तपकिरी जस्ताचा दगड, पांढरी गारगोटी आणि सोन्यासारखं चमकून लोकांना फसवणारं ते उथळ पायराइट. माझा रंग करडा, चकाकी धातूची. मला कितीही फोडा, मी चौकोनी तुकड्यांतच फुटतो. वळण असतं एकेकाला. काळा फत्तर फुटतो वाटेल तसा.

मग माणसं आली. त्यांनी लाकडं पेटवून खडक तापवला, वर पाणी ओतून तडकवला आणि हवं ते नेलं. मला कचऱ्याच्या ढिगात टाकलं. पुढं खाण बंद पडली, ती माणसंही गेली, ढीग तसाच राहिला.

एक दिवस नविन नावाचा ट्रकवाला त्या ढिगाच्या आडोशाला बसायला आला. मला पाहून त्याला वाटलं, चांदी! बाकीचं विसरून त्यानं मला सदऱ्यात गुंडाळलं आणि थेट धाकट्या डहाणूला, आपल्या घरी आणलं. सोनारानं कानस मारली आणि हसून परत दिलं. "शिसं आहे रे." माझ्यात चांदीचा अंश असतोही, पण नविनची हाव भागेल एवढा नाही. त्यानं मला अंगणात भिरकावलं.

त्याची बहीण संगिता सुकी मासळी विकते. तिचं लोखंडी किलोचं वजन खाडीत पडलं, तेव्हा तिनं मला उचललं. वाण्याच्या काट्यावर मी किलोहून थोडा जास्त भरलो. तिनं हातोडीनं माझा कोपरा उडवला, पुन्हा काट्यावर ठेवलं, पुन्हा उडवला, बरोबर किलो होईस्तोवर. दुखलं, पण बाई चोख निघाली.

तिचे सुके बोंबील तलासरीकडे झरी गावात जायचे. तिथं बायजी नावाच्या शेतकरणीच्या ओट्यावर तागडी लागायची. किलोभर बोंबील द्यायचे, टोपलीभर भात घ्यायचा. ही अदलाबदल दोघींच्या सासवांपासूनची. बायजीच्या लेकीच्या लग्नात संगिता भाकऱ्या थापायला राहिली होती, आणि संगिता आजारी पडली तेव्हा बायजीनं न मागता नागली पाठवली होती. माणसांत एवढं धड काही मी दुसरं पाहिलं नाही.

बायजीनं मला तागडीत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मी मुठीत मावेल एवढाच.

"हा किलो?"

"किलोच आहे गं बाय, वाण्याच्या काट्यावर ठेवलाय. हातात घेऊन बघ."

"हातात कशाला? डोळे आहेत मला. माझी टोपली तेवढीच, आणि तुझं वजन लहान झालं? तू पण चोरी शिकलीस?"

आठवडी बाजारात एका व्यापाऱ्यानं खालून पोखरलेलं वजन वापरून तिला लुबाडलं होतं. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, हे मी समजू शकतो. पण तिनं ओट्याखालून काढलं काय? काळा फत्तर! आकारानं माझ्या दुप्पट. "ह्यानं मोज."

मला हसूच आलं. तो दुप्पट होता, तरी भरला असता जेमतेम पाऊण किलो. बाई भांडून स्वतःचंच नुकसान मागत होती. संगितानं मुकाट्यानं फत्तर तागडीत ठेवला, आणि मी म्हटलं, झालं, ही पण त्यातलीच. पण मोजून झाल्यावर तिनं वर दोन ओंजळी बोंबील टाकले. डोळे पुसले. "आता मी यायची नाही," म्हणाली. मला ओट्यावरच टाकून निघून गेली.

बायजीचा नवरा देवजी, त्यानं मला कोंबड्यांच्या झापाला टेकू म्हणून लावलं. संगिता खरंच आली नाही. बायजी भांडी घासताना रस्त्याकडे बघायची. जाऊन बोलावं, तर नाक आडवं येत होतं. माणसांचं हे नाक मला कधी कळलं नाही.

एकदा कोंबडी वाळत घातलेल्या भातावर चढली. मारायला बायजीनं हाताला लागला तो दगड उचलला. तो मी होतो. तिचा हात खाली गेला. कोंबडी खात राहिली. बायजीनं दुसऱ्या हातात काळा फत्तर घेतला आणि आम्हा दोघांना तोलून पाहिलं.

"मी तिला चोर म्हटलं," ती देवजीला म्हणाली. "आणि ती मला वरचं देऊन गेली."

दुसऱ्या दिवशी मला पदरात बांधून, भाताची टोपली घेऊन ती धाकट्या डहाणूला आली. संगिता मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांडीवरचे बोंबील काढत होती. बायजीनं मला पुढं धरलं. "हातात घेतला गं. माझं चुकलं."

संगितानं हातातले बोंबील खाली ठेवले. मग तिनं टोपली रिकामी केली आणि बोंबलांनी शिगोशीग भरली.

"तागडी आण ना," बायजी म्हणाली.

"तागडी नको आता आपल्यात."

तेव्हापासून दोघी तोलत नाहीत. ओंजळीनं देतात, ओंजळीनं घेतात. माझं काम गेलं. आता मी जवळा वाळत घातलेल्या प्लास्टिकचा कोपरा दाबून बसतो, कावळे माझ्यावर शिटतात. दीडशे कोटी वर्षं जगलो, ती यासाठी! दोघी मूर्ख आहेत, हे माझं मत कायम आहे. फक्त त्या दोन ओंजळी कशापायी टाकल्या, ते मला अजून कळलेलं नाही.

इकडे आलात तर मला चांदी म्हणू नका, धोंडाही म्हणू नका. एकदा हातात घ्या. मनगट खाली जाईल, तेव्हा मत बनवा. आणि नंतर हात धुवा. माझ्यात शिसं आहे, आणि तुम्ही तसेच जेवायला बसाल, हे मला ठाऊक आहे.